मोडक्या पंखाचे सत्य

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या विमानयुद्धाच्या खेळांची थोरवी सांगताना त्यांचे कर्ते एक शब्द हटकून वापरतात. तो शब्द म्हणजे 'वास्तव'. यंत्रफलक वास्तव, ढग वास्तव, एंजिनाची घरघर वास्तव, आणि या सर्वांवर कळस म्हणून विमानास होणारी हानीही वास्तव, असा त्यांचा दावा असतो. वास्तव म्हणजे बाह्य रूपाची हुबेहूब नक्कल, की जीवनातील कार्यकारणाची प्रामाणिक मांडणी, हा वाद मराठी वाङ्मयात पुष्कळ रंगला आहे. कथा-कादंबरीस जो प्रश्न आपण विचारीत आलो, तोच या खेळांसही विचारावयास हवा, असे आम्हांस वाटते. तरुण पिढीचे इतके तास ज्या करमणुकीत जातात तिच्याकडे टीकाकाराने पाठ फिरवावी, हे योग्य नव्हे. २०१९ साली खुद्द भारतीय हवाई दलाने तरुणांसाठी 'अ कट अबव्ह' नावाचा मोबाइलवरील खेळ प्रसिद्ध केला. खेळ आणि खरी लढाई यांचे नाते किती जवळचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

या खेळांच्या अनेक अंगांपैकी हानीचे अंग आम्ही मुद्दाम निवडले आहे. विमान उडते कसे हे दाखविताना खेळाचा कर्ता भौतिकशास्त्राचा आधार घेऊन स्वस्थ राहू शकतो. परंतु गोळी लागल्यावर पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर देताना युद्धाविषयीची त्याची सगळी समज उघडी पडते.

हे टिपण आम्ही देपालपुराहून लिहीत आहोत, आणि प्रस्तुत प्रश्नाचा विचार करण्यास हे स्थळ वाटते तितके गैरलागू नाही. इंदूर जिल्ह्याच्या याच तहसिलीत गौतमपुरा हे गाव आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव त्या गावाने धारण केले आहे. दिवाळीच्या पाडव्यास सायंकाळी तेथे हिंगोट युद्ध होते. मराठीत ज्याला हिंगणबेट म्हणतात त्या झाडाचे फळ वाळवून, आतून कोरून त्यात दारू ठासतात, तोंड मातीने बंद करतात, आणि दिशा राहावी म्हणून त्यास बांबूची बारीक काडी बांधतात. गौतमपुऱ्याचा पक्ष 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजीचा पक्ष 'कलंगी'. ही नावे ऐकताच मराठी वाचकास शाहिरांचे कलगी-तुऱ्याचे फड आठवल्यावाचून राहणार नाहीत. मात्र येथे सवाल-जवाब शब्दांचे नसून पेटत्या बाणांचे असतात. एका हाती ढाल, खांद्यावर हिंगोटांची झोळी, अशा वेशात दोन्ही दळे समोरासमोर उभी राहतात. दरवर्षी माणसे भाजतात, जखमी होतात. प्राणहानीही झालेली आहे. या प्रथेचे गोडवे आम्हांस गावयाचे नाहीत. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की या खेळात हानीचा हिशेब कोणी ठेवावा लागत नाही. खेळणाऱ्याचे शरीरच तो ठेवते. काडी जराशी वाकडी बसली तर हिंगोट भलतीकडे वळतो, आणि ज्याच्या अंगावर येतो त्याला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

पडद्यावरील खेळाची स्थिती याच्या अगदी उलट आहे. तेथे दारू नाही, पत्रा नाही, रक्त नाही. आहे ती केवळ अंकांची गुंतवळ. गोळी लागल्याचा परिणाम आपोआप होत नाही, तो कोणीतरी योजावा लागतो. कोणत्या भागास किती इजा व्हावी, तेल किती वेगाने गळावे, आग लागावी की न लागावी, आणि वैमानिकास त्यातले कितपत कळावे, हे सारे कर्त्याने ठरविलेले असते. अर्थात ही हानी म्हणजे एक रचना होय. आणि जी रचना आहे ती टीकेचा विषय खचितच होऊ शकते.

या रचनेच्या स्थूलमानाने तीन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी गुणांची. विमानाच्या नावे काही गुण मांडलेले असतात, प्रत्येक गोळीगणिक ते वजा होत जातात, आणि शून्यावर येताच विमान फुटते. या पद्धतीत शेवटची गोळी लागेपर्यंत विमान ठणठणीत असते आणि त्यानंतर ते नसतेच; मधली अवस्था, म्हणजे जखमी होऊनही उडत राहण्याची अवस्था, तिला ठाऊकच नाही. दुसरी पायरी अवयवांची. येथे एंजिन, टाकी, पंख, शेपूट, नियंत्रणाच्या तारा यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला जातो. मॉस्कोच्या ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या 'आयएल-२ स्टुर्मोविक' या खेळाने या पद्धतीस प्रतिष्ठा मिळवून दिली. तिसरी पायरी अंतर्रचनेची. गोळी विमानाच्या अंगात शिरून कोणत्या मार्गाने जाते, वाटेत पंखाचा कणा लागतो की नुसताच पत्रा फाटतो, याचे गणित येथे मांडले जाते. 'डीसीएस' या खेळाने २०२० साली आपल्या दुसऱ्या महायुद्धकालीन विमानांसाठी अशी नवी हानिरचना आणली.

ही प्रगती कौतुकास्पद आहे, कारण प्रत्यक्षातील विमाने एकसारखी मरत नसत. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईतील हरिकेन घ्या. त्याच्या धडाचा मागचा भाग कापडाने मढविलेला असे. गोळ्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जात, आणि तळावर भोकांस ठिगळे लावून विमान पुन्हा उडविता येई. उलट स्पिटफायरचे काय, हरिकेनचे काय, दोघांचेही एंजिन द्रवाने थंड होणारे. रेडिएटरला एकच गोळी लागली की तो द्रव गळून जाई आणि एंजिन तापून काही मिनिटांत जखडे. हवेने थंड होणारी गोल बांधणीची एंजिने एखादे सिलिंडर गमावूनही कित्येकदा घरी परत आणीत. म्हणजे शंभर भोके पडलेले विमान परतावे आणि एक भोक पडलेले परतू नये, असे घडे. गुणांच्या वजाबाकीत हे कधीही बसणार नाही. जेथे अवयव आणि अंतर्रचना मांडली आहे तेथेच ते बसते.

तथापि एवढ्याने वास्तव हाती लागले असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचा निवाडा करावयाचा तर कसोटीस एखादी खरी घटना लावली पाहिजे. आम्ही जी निवडीत आहोत ती लढाईतील नाही, परंतु उडत्या विमानास शत्रुत्वाने केलेली इजाच ती होती. शिवाय तिची हकीकत आतून कळलेली आहे, आणि मराठी माणसांशी तिचा निकटचा संबंध आहे.

११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. बांडुंग परिषदेसाठी जाणारे प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय या विमानाने जाणार अशा समजुतीने हाँगकाँगच्या तळावर त्यात कालबॉम्ब दडविण्यात आला होता; प्रत्यक्षात ते त्या विमानात बसलेच नाहीत. कप्तान होते दामोदर काशीनाथ जटार, सहवैमानिक दीक्षित, आणि विमानाची देखभाल करणारे इंजिनियर अनंत कर्णिक. उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, १८,००० फूट उंचीवर, स्फोट झाला.

त्यानंतरचा क्रम वाचकांनी सावकाश पाहावा. उजव्या पंखात तिसऱ्या एंजिनाच्या मागे आग लागली. धूर प्रवाशांच्या कक्षात शिरला. आगीची सूचना देणारा दिवा लागला. एंजिन पेटेल या भयाने जटारांनी ते स्वतःच्या हाताने बंद केले. म्हणजे चार एंजिनांतील एक शत्रूने नव्हे, तर कप्तानाच्या निर्णयाने गेले. संकटाचे संदेश तीन वेळा पाठविले गेले, विमान नातुना बेटांवर असल्याचे कळविले गेले, आणि मग रेडिओ मुका झाला. कक्षातील हवेचा दाब गेला, विजेची मंडले एकेक करून निकामी होऊ लागली, धूर कॉकपिटपर्यंत पोहोचला. विमान समुद्रावर नीट टेकविण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे दिली, संकटकाळची दारे उघडली. उजवा पंख पाण्यास प्रथम लागला आणि विमानाचे तीन तुकडे झाले. १९ जणांपैकी १६ गेले. दीक्षित, कर्णिक आणि मार्गदर्शक पाठक हे तिघे वाचले. जटारांस आणि हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. पुढे समुद्रातून काढलेल्या अवशेषांत घड्याळी यंत्राचे भाग सापडले आणि घातपात सिद्ध झाला.

या हकीकतीत स्फोट एका क्षणाचा आहे. हानी मात्र त्यानंतरच्या प्रत्येक मिनिटाची आहे. आधी एक एंजिन गेले, मग वाणी गेली, मग श्वास, मग दृष्टी, आणि सरतेशेवटी निवड करण्याचे स्वातंत्र्य. विमानास इजा होणे म्हणजे त्यातील माणसांच्या हातून एकेक गोष्ट काढून घेतली जाणे. आणि उरलेल्या गोष्टींनिशी काय करावयाचे हे त्यांना दर क्षणी नव्याने ठरवावे लागणे. आमच्या गोमंतकीय वाचकांस या जातीच्या विमानाचा आकार डोळ्यांपुढे आणावयाचा असेल, तर दाबोळीनजीक बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदलाच्या विमानसंग्रहालयात 'सुपर कॉन्स्टेलेशन' उभे आहे. काश्मीर प्रिन्सेसच्याच घराण्यातील ते पुढचे, अधिक लांबीचे विमान. त्याच्या पंखाखाली उभे राहून वर पाहिले की या पंखात आग लागणे म्हणजे काय, याची कल्पना पडद्यावरील कोणत्याही चित्राहून अधिक येते.

आता ही कसोटी खेळांस लावून पाहू. पत्रा, तेल, इंधन, तारा यांच्या बाबतीत वर उल्लेखिलेले खेळ कसोटीस बरेचसे उतरतात. 'आयएल-२' मध्ये रेडिएटर फुटल्यावर तापमानाचा काटा हळूहळू चढू लागतो, आणि खेळणाऱ्यास ठरवावे लागते की आणखी एक वळण घेऊन शत्रूस गाठावे, की आहे ती चार-दोन मिनिटे घराच्या दिशेने खर्चावी. हा क्षण आम्हांस या सबंध खेळप्रकारातील श्रेष्ठ क्षण वाटतो. तेथे यंत्राची इजा माणसाच्या निर्णयात उतरते, आणि जटारांच्या कॉकपिटशी त्याचे दूरचे का होईना, नाते जुळते.

परंतु असे क्षण विरळा. एकंदरीने पाहता या खेळांतील हानी ज्याला ती होते त्याच्या बाजूने रचलेली नसून ज्याने ती केली त्याच्या बाजूने रचलेली आहे. पंख तुटून भिरभिरत खाली जातो, टाकी पेटून ज्वाळांचा लोट उठतो, शेपूट उडते, ही सारी दृश्ये मागून गोळ्या झाडणाऱ्यास दिसावीत अशा बेताने योजिलेली असतात. ती त्याचे पारितोषिक असतात. खेळणाऱ्यांचे आपसांतील वादही याच अंगाने चालतात. माझ्या तोफेच्या इतक्या गोळ्या लागल्या तरी शत्रू पडला कसा नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझ्या विमानात धूर कोंडला असता मला यंत्रफलक इतका स्पष्ट कसा दिसला, अशी तक्रार करणारा क्वचितच भेटतो.

यास एक ऐतिहासिक कारणही आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या तोफांबरोबर चालणारे कॅमेरे बसविलेले असत. त्यांनी टिपलेल्या फिती आज या खेळांच्या कर्त्यांस आणि खेळणाऱ्यांस मोठा पुरावा वाटतात. पुरावा तो आहेच. पण तो एकाच पक्षाचा आहे. तोफ थांबली की कॅमेराही थांबे. त्यापुढे त्या धुराच्या रेषेच्या टोकाशी बसलेल्या माणसाचे काय झाले, हे त्या फितीत नाही. ज्या साक्षीवरून वास्तव रचले गेले ती साक्षच अर्धी होती.

अर्ध्या साक्षीने शहाणीसुरती माणसेही कशी फसतात, हे गणिती अब्राहम वाल्ड यांनी १९४३ साली दाखवून दिले होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधनगटात ते काम करीत. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर कोठे कोठे भोके पडली आहेत, याचे तक्ते त्यांच्यापुढे आले. जेथे भोके अधिक तेथे कवच अधिक घालावे, असे कोणासही सहज वाटेल. वाल्ड यांच्या विवेचनाचा रोख याच्या उलट होता. ही विमाने परत आलेली आहेत. तेव्हा जेथे त्यांना भोके पडली तेथे मार सोसला जातो, आणि जेथे भोके दिसत नाहीत तेथे मार बसलेली विमाने परतलीच नाहीत. न परतलेल्यांची बाजू त्यांनी गणितात आणली. या विद्वानाचा अंत भारतात विमान अपघातातच व्हावा, हा दैवाचा विचित्र योग म्हणावा लागेल. व्याख्यानांसाठी ते आपल्या देशात आले असता १३ डिसेंबर १९५० रोजी त्यांचे विमान निलगिरीच्या डोंगरांत कोसळले. त्यांचा धडा खेळांच्या कर्त्यांस जसाच्या तसा लागू आहे. दिसणारी भोके कितीही कुशलतेने रंगविली, तरी जे दिसत नाही ते मांडल्यावाचून हानीचे सत्य पुरे होत नाही.

जखमी विमान म्हणजे संपलेले विमान, ही समजूतही मारणाऱ्याच्याच बाजूची. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावरील हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर देवय्या यांच्या मिस्टियर विमानास पाकिस्तानी स्टारफायटरने मारा करून इजा केली. तशा स्थितीत त्यांनी वळून त्याहून कितीतरी वेगवान असलेल्या त्या विमानास पाडले, आणि ते स्वतः परतले नाहीत. आपल्याकडे हे कोणास ठाऊक नव्हते; शत्रुपक्षाच्या बाजूची हकीकत पुस्तकातून बाहेर आल्यावर ते उमगले, आणि १९८८ साली त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. न परतलेल्याची कथा ऐकू येण्यास तेवीस वर्षे लागली. ज्या खेळात विमान पेटताच गुण जमा होतात आणि नजर दुसऱ्या सावजाकडे वळते, त्या खेळात अशा कथेस जागाच उरत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खेळ हा अखेर खेळ आहे. दिवसभराच्या कामाने शिणलेल्या माणसाने घटकाभर विरंगुळ्यासाठी तो उघडावा, आणि आपण त्यास रुग्णालयात निजवून ठेवावे काय? धूर, भीती, वेदना यांचे हुबेहूब चित्रण झाले तर ते खेळणार कोण? आम्हांस वेदना नको आहे, तिचा परिणाम हवा आहे. आणि तो कसा साधावा हे या खेळांच्याच इतिहासात सापडते. १९९० साली 'रेड बॅरन' नावाचा पहिल्या महायुद्धावरील खेळ निघाला. त्यातील चित्रे आज बालिश वाटतील अशी ओबडधोबड होती. पण त्यात वैमानिकाचा सबंध युद्धकाल खेळता येई, आणि वैमानिक जखमी झाला तर त्याचे दिवस रुग्णालयात जात; तिकडे युद्ध त्याच्यावाचून पुढे सरके. पडद्यावर एक थेंब रक्त न दाखविता त्या खेळाने जखमेची किंमत दिवसांत मोजली.

त्याच्याशी आजच्या लोकप्रिय 'वॉर थंडर'ची तुलना करून पाहावी. त्यातील विमानांची अंगोपांगे फार बारकाईने मांडलेली आहेत. परंतु विमान मोडले तर लढाईनंतर दुरुस्तीपोटी खेळातले नाणे मोजावे लागते, आणि त्यातील सोप्या प्रकारच्या लढाईत एक विमान पडताच खेळणारा लगेच दुसरे घेऊन आकाशात हजर होतो. हानीचे येथे देणे झाले आहे, आणि देणे फेडले की मागे काही उरत नाही. चित्रे सुधारली, पत्रा सुधारला. जखमेची समज मात्र या तीस वर्षांत मागे आली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे असूनही या खेळप्रकाराविषयी आम्ही निराश नाही. ज्या कर्त्यांनी पंखाच्या कण्याचे गणित मांडण्याइतके परिश्रम घेतले, त्यांना कॉकपिटमधील धूर, मुका झालेला रेडिओ आणि कापणारा हात मांडणे अशक्य नाही. विमानात एकाहून अधिक माणसे असतील तर त्यांतील एकाच्या जखमेने दुसऱ्याच्या कामात काय उणे पडते, हेही मांडता येईल. त्यासाठी यंत्रे अधिक शक्तिमान हवीत असे नाही. पाहण्याची जागा तेवढी बदलावयास हवी. परीक्षणकारांनीही आपला प्रश्न बदलावा. विमान किती सुंदर फुटते हे विचारण्याऐवजी, विमानास इजा झाल्यावर आत बसलेल्यापुढे किती निवडी उरतात आणि त्या निवडींस किती वेळ मिळतो, हे त्यांनी विचारावे. या प्रश्नाने पारखले तर कित्येक नामवंत खेळ फिके पडतील, आणि एखादा जुना, विस्मृत खेळ वर येईल.

गौतमपुऱ्याच्या मैदानात उतरणाऱ्यास हिंगोट आपल्याही अंगावर येऊ शकतो हे ठाऊक असते, म्हणून तो हाती ढाल घेऊन उतरतो. पडद्यासमोर बसलेल्या मुलाचे अंग भाजावे अशी इच्छा कोणीही करणार नाही. मात्र समोरच्या धुराच्या रेषेत कोणीतरी आहे आणि त्याची मिनिटे संपत आली आहेत, एवढी जाणीव त्याला खेळातून मिळावी, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार टीकाकारास आहे. 'वास्तव' हा शब्द जाहिरातीत वापरणाऱ्यांनी ती पुरी करावी, आणि ती पुरी होईतो वाचकांनी त्या शब्दास भुलू नये.